एक ठिपका, कोटभर तारे

"काहीच नाही दिसून राहिलं, भाऊ."

नागपूरकडचा माणूस पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावतो, तेव्हा बहुतेक वेळा याच वाक्यापासून सुरुवात होते. मे महिना. दिवसभर तापलेला दगड रात्री दहालाही बसवत नाही इतका गरम. दुर्बीण म्हणजे एक जाडसर नळा, तळाशी आठ इंची आरसा आणि खाली प्लायवूडची फिरती बैठक. तोंड दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. मागे उभा असलेला जाणता सांगतो, "नेमकं त्याच्याकडे नको पाहू. जरासं बाजूले पाह्य." पाहणारा नजर कडेला नेतो, श्वास धरून ठेवतो आणि हलकेच विचारतो, "कापूस आहे का हा?"

कापसाची उपमा विदर्भात आपोआप तोंडी येते, आणि ती इथे चपखल बसते. सरकी काढून पिंजलेला पुंजका जसा मधे दाट आणि कडेला विरत गेलेला असतो, तसेच ते दृश्य असते. डोळा न हलवता दोन-तीन मिनिटे थांबले की त्या कापसात कणी दिसू लागते. आधी कडेला एखादा दाणा, मग चार-पाच, मग मोजता येऊ नयेत इतके. टाचणीने टोचल्यासारखे बारीक आणि स्वच्छ. मागची रांग कुरकुरू लागते, तरी पाहणारा जागचा हलत नाही.

"किती आहेत हे?"

"कोटभर."

हा ओमेगा सेंटॉरी. नरतुरंग तारकासमूहातला बंदिस्त तारकागुच्छ, आपल्या आकाशगंगेतल्या अशा दीडशेहून अधिक गुच्छांमध्ये सर्वांत मोठा. अंतर सुमारे १७,००० प्रकाशवर्षे, रुंदी दीडशे प्रकाशवर्षांच्या आसपास, तारे सुमारे १ कोटी. बहुतेकांचे वय हजार कोटी वर्षांहून जास्त. आज डोळ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर हिमयुग होते आणि माणसाला शेती ठाऊक नव्हती.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की कामठी, कन्हान, मनसर मागे टाकत पेंचचे जंगल येते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले हे असे पहिलेच ठिकाण. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड खाली जमिनीवरच पडेल असे दिवे लावले गेले. वाघासाठी राखलेले जंगल आता ताऱ्यांसाठीही राखले गेले आहे. दक्षिण क्षितिजालगत नागपूरच्या उजेडाची पिवळसर झाक राहतेच, पण २१ अंशांवरचा ओमेगा तिच्यातून निसटून वर आलेला असतो.

सापडायलाही तो अवघड नाही. चित्रा तारा ओळखावा आणि तिथून सरळ खाली क्षितिजाकडे उतरावे. हात ताठ करून वीत धरली तर दोन वितींहून थोडे कमी. मेच्या मध्यावर रात्री सव्वादहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. पॅरिसमध्ये तो उगवतच नाही. त्यामुळे तिथून धूसर ठिपक्यांची जगप्रसिद्ध यादी करणाऱ्या शार्ल मेसिएच्या यादीत आकाशातला हा सर्वांत मोठा गुच्छ नाही. विदर्भातला शेतकरी उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडल्या पडल्या जे पाहू शकतो, ते मेसिएच्या वाट्याला आले नाही.

नुसत्या डोळ्यांना मात्र तिथे एकच तारा दिसतो, थोडा पुसट. दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणूनच केली. १६०३ मध्ये योहान बायरने आपल्या तारानकाशात त्याला ओमेगा हे अक्षर दिले. तेही ताऱ्यालाच द्यायचे अक्षर होते. १६७७ मध्ये एडमंड हॅलीने सेंट हेलेना बेटावरून दुर्बीण लावली तेव्हा हा तारा नव्हे, काहीतरी धूसर आहे, हे ध्यानात आले. त्यातले तारे वेगवेगळे करून पाहिले ते जॉन हर्शेलने, १८३० च्या दशकात, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून. आधी एक तारा, मग एक धूसर डाग, मग असंख्य तारे. नाव मात्र आजही एकवचनीच राहिले.

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो खगोलशास्त्राहून जुना आहे. दुर्बिणीत जे दिसले ते एक होते की अनेक?

उत्तर सोपे वाटते. मोठा आरसा खरे दाखवतो, छोटा फसवतो. तारे अनेकच आहेत. 'गुच्छ' ही आपल्या अधू डोळ्यांनी केलेली मोट. मेसिएचे उदाहरण या बाजूने बोलते. शौरी तारकासमूहातला एम-१३ हा गुच्छ त्याने १७६४ मध्ये पाहिला आणि त्यात तारा नाही अशी नोंद केली. पुढे विल्यम हर्शेलने मोठ्या आरशांनी त्याच ठिपक्यात हजारो तारे दाखवले. आज नागपुरातल्या गच्चीवर सहा इंची दुर्बिणीतूनही एम-१३ च्या कडेचे तारे सुटे होतात. म्हणजे 'एक' हे अज्ञानाचे नाव आणि 'अनेक' हे ज्ञानाचे, असे म्हणून मोकळे होता येईल.

पण हाच वाद आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेला आहे, आणि तेव्हाच्या लोकांनी त्याला इतक्या झटकन सोडले नव्हते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत 'अवयवी'वर मोठी चर्चा आहे. अवयव म्हणजे भाग, अवयवी म्हणजे ते भाग मिळून झालेली वस्तू. नैयायिकांचे म्हणणे असे की माठ ही त्याच्या खापऱ्यांहून, वस्त्र हे त्याच्या धाग्यांहून वेगळी, खरीखुरी वस्तू आहे. समोरचा पक्ष, ज्यात पुढे बौद्ध विचारवंत ठळक झाले, म्हणतो की तसे काही नाही. नुसती रास आहे. दुरून सेना एकच दिसते, वन एकच दिसते, पण तिथे असतात सैनिक आणि झाडे. मग तो पक्ष एक उदाहरण देतो, आणि दुर्बिणीशी बसणाऱ्याने ते वाचले तर तो चमकून उठेल. तिमिर झालेल्या, म्हणजे डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला सुटा केस दिसत नाही, पण केसांचा पुंजका दिसतो. तसेच आपल्याला सुटे अणू दिसत नाहीत, अणूंची रास दिसते. त्या राशीलाच आपण माठ म्हणतो.

तिमिर झालेला डोळा आणि केसांचा पुंजका. साठ मिलिमीटरची दुर्बीण आणि ओमेगा सेंटॉरी. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वीच्या वादात हे चित्र जसेच्या तसे पडलेले आहे.

नैयायिकांचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. डोळा अधू असो वा तीक्ष्ण, तो आपल्या विषयाच्या बाहेर जात नाही, असे ते सांगतात. केस एकाला दिसत नसला तरी दुसऱ्याला दिसतो. म्हणून केसांचा पुंजका दिसणे शक्य आहे. अणू मात्र कोणालाच दिसत नाही. जे मुळीच दिसत नाही त्याचे ढीग घातले तरी ते दिसू कसे लागेल? दिसते आहे, त्या अर्थी तिथे अवयवी आहे.

या उत्तराचा जोर अणूंवर चालतो, ताऱ्यांवर नाही. तारा केसासारखा आहे. मोठ्या आरशाला तो सुटा दिसतो. तेव्हा ओमेगाच्या बाबतीत पहिली फेरी राशीवाल्यांनी जिंकली म्हणायची.

त्यांची बाजू आपल्या डोळ्याची रचनाही उचलून धरते. अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्या सुमारे १२ कोटी आहेत आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० ते १२ लाख. म्हणजे कित्येक दंडपेशींचे निरोप एकत्र होऊन एकाच वाटेने पुढे जातात. त्यामुळे अगदी मंद उजेडही जाणवतो, पण तो नेमका कोणत्या बिंदूवरून आला हे हरवते. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी तर दंडपेशी नसतातच. म्हणून "बाजूले पाह्य" हा सल्ला. टक लावून पाहिले तर ठिपका नाहीसा होतो, नजर कडेला नेली की परत येतो. अनेकांना एकत्र करून 'एक' बनवण्याचा उद्योग बाहेर आकाशात होतो की नाही ते नंतर बघू, डोळ्यात तो नक्की होतो. अंधारात आपण सगळेच तिमिर झालेले असतो.

मराठी माणसाला या वादाची दुसरी वाट जास्त ओळखीची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्याआधी १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. आज विदर्भात मिलिंद आणि नागसेन ही मुलांची नावे घरोघर ऐकू येतात. ती आली आहेत एका पाली ग्रंथातून, ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातून. राजा नाव विचारतो. भिक्खू सांगतो, लोक नागसेन म्हणतात खरे, पण हे फक्त हाक मारायचे नाव. त्यामागे कोणी 'व्यक्ती' सापडत नाही. राजा चकित होतो. मग नागसेन त्याला त्याच्या रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. मग रथ कुठे आहे? शेवटी राजा कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते.

हाच प्रश्न दुर्बिणीपाशी विचारून पाहावा. ओमेगा म्हणजे त्यातला हा लालसर म्हातारा तारा का? नाही. विझत गेलेले ते श्वेतबटू का? नाही. मग ओमेगा कुठे आहे? पाली भाषेत माणूस ज्या घटकांचा बनलेला असतो त्यांना 'खंध' म्हणतात, आणि त्या शब्दाचा एक अर्थ ढीग असाच आहे. तारकागुच्छाला याहून नेमका शब्द शोधूनही मिळायचा नाही.

तरीही रथाचे उदाहरण आकाशात पुरते बसत नाही. रथ सुताराने जोडला. कोणाला तरी बसून जायचे होते म्हणून जोडला. 'रथ' हे नाव त्या गरजेतून आले. ओमेगाला ना सुतार, ना स्वार. तिथे कोणाची गरज नव्हती, नाव ठेवणारे कोणी नव्हते, तरी कोटभर तारे हजार कोटी वर्षे एकत्र राहिले. हे एकत्र राहणे नावाने घडलेले नाही.

फरक समजायला त्याच आकाशात शेजारीच पुरावा आहे. नरतुरंग हा तारकासमूह घ्या. त्यातला मित्र हा तारा ४.३ प्रकाशवर्षांवर, त्याच्या बाजूचा मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर, ओमेगा १७,००० वर. एकमेकांशी त्यांचे काही देणेघेणे नाही. कोणी रेषा जोडल्या आणि माणूस-घोडा तयार झाला. नागसेनाचे म्हणणे इथे पूर्णपणे खरे आहे. नरतुरंग हे निव्वळ नाव आहे. कृत्तिकांचे तसे नाही. १७६७ मध्ये जॉन मिशेल या इंग्रज धर्मोपदेशकाने गणित मांडले की कृत्तिकांमधले ठळक तारे केवळ योगायोगाने इतके जवळ येण्याची शक्यता सुमारे पाच लाखांत एक. म्हणजे काहीतरी त्यांना धरून ठेवते आहे. आपल्याकडे कृत्तिका हा शब्द संस्कृतात बहुवचनी चालतो, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या त्या सहा माता, आणि तरी नक्षत्र म्हणून त्यांना एकच गणतात. परंपरेने एक आणि अनेक दोन्ही जपून ठेवले, हे फार सुंदर आहे.

पुढे विल्यम हर्शेलने १७८९ मध्ये या गोल गुच्छांना त्यांचे आजचे नाव दिले आणि त्यांच्या आकाराकडेच बोट दाखवले. मधे दाट आणि सर्व बाजूंनी सारखे विरळ होत जाणारे गोल आपोआप पडत नाहीत. आत ओढ आहे म्हणून ते गोल आहेत.

दुर्बिणीपाशीची रांग सरकत असते. कोणी आजोबा आयपीसपासून बाजूला होऊन हात जोडतात. कोणाला जोडले असतील? त्या अनेकांना, की त्या एकाला? वेदान्ती सांगेल की एकच तत्त्व नानारूपांनी दिसते, तेव्हा प्रश्नच मिटला. पण हे उत्तर घाई करते. ते माठाला लागू, रथाला लागू, नरतुरंगालाही तितकेच लागू. ओमेगा ज्या अर्थाने एक आहे त्या अर्थाने नरतुरंग एक का नाही, हे ते सांगत नाही. आजोबांच्या नमस्काराला त्याने काही कमी येत नाही, विचाराला येते.

न्यायसूत्रांकडे परत जावे लागते ते इथे. अवयवी खरा आहे हे दाखवताना नैयायिकांनी आणखी एक कारण दिले होते: धारण आणि आकर्षण. काठीचे एक टोक धरून उचलले तर सगळी काठी उचलली जाते, एक टोक ओढले तर सगळी ओढली जाते. राशीचे तसे होत नाही. धान्याच्या ढिगातून मूठभर उचलले तर बाकीचा ढीग जागेवर राहतो. या 'आकर्षणा'त न्यूटनचे गुरुत्वाकर्षण शोधायला जाऊ नये. तो अर्थ तिथे नाही. साधे ओढणे आहे, आणि पुढे भाष्यकारानेच या कारणाची कच्ची बाजूही दाखवून दिली. पण कसोटी म्हणून ती उत्तम आहे. ओमेगा ढिगासारखा वागतो की काठीसारखा?

काठीसारखा, पण काठीत नसलेल्या रीतीने. आकाशगंगेच्या मध्याभोवती तो फिरतो तेव्हा कोटभर तारे एकत्र जातात. त्यांना बांधणारी दोरी मात्र कुठेच नाही. सूर्यमालेत सूर्य आहे. सारी सत्ता जवळजवळ त्याच्याच हाती. ओमेगात असा राजा नाही. २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या चित्रांवरून १४ लाख ताऱ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या. मध्यापाशी सात तारे इतके वेगाने पळताना दिसले की तिथे किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आकडा ऐकून दडपायला होते. पण गुच्छाचे एकूण वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके आहे. तो किमान आकडा धरला तर मध्यावरच्या या दादाचा वाटा शेकडा अर्धाही नाही. प्रत्येक ताऱ्याला बाकीचे सगळे मिळून धरून ठेवतात, आणि प्रत्येक जण त्या 'बाकीच्यां'मध्ये आहे.

राशीवाले आणि अवयवीवाले या दोघांनाही ही रचना अवघड जाते. ताऱ्यांची यादी केली, प्रत्येकाचे वजन लिहिले, तरी यादीत गुच्छ सापडत नाही. तेच १ कोटी तारे आकाशगंगेभर विखरून ठेवले तर यादी तीच राहील आणि ओमेगा उरणार नाही. उलट ताऱ्यांखेरीज तिथे काही वेगळी वस्तू ठेवलेली आहे म्हणावे, तर तेही खोटे. खरे आहे ते त्यांचे एकमेकांना धरणे. ते धरणे वस्तूंइतकेच खरे आहे, आणि दुर्बिणीत दिसलेला गोल त्याचीच सावली. मोठ्या आरशाने तारे सुटे केले तेव्हा तो गोल मोडला नाही, उलट अधिक ठसठशीत झाला, हे ज्याने दोन्ही दुर्बिणींतून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. छोट्या दुर्बिणीतले 'एक' आणि मोठ्या दुर्बिणीतले 'एक' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिले डोळ्याने बनवलेले. दुसरे तिथे असलेले.

पण 'असलेले' म्हणजे कायमचे नव्हे. लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हेच गणित करत होते. ताऱ्यांच्या गतिशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक १९४२ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी गुच्छांतून तारे निसटण्याच्या वेगावरचे निबंध. दोन तारे एकमेकांजवळून जातात तेव्हा एकाचा वेग थोडा वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो. मंद झालेला आत ओढला जातो, वेग मिळालेला कडेला फेकला जातो, आणि कधीतरी एखादा सुटूनच जातो. उकळत्या चहावरून वाफ जावी तसे. शिवाय बाहेरून आकाशगंगा ओढते ते वेगळेच. नैयायिकांच्या कसोटीत ओमेगा मधोमध उत्तीर्ण होतो आणि कडेला नापास.

त्याचा भूतकाळही एकसंध नाही. त्यातले तारे एका पिढीचे नाहीत, वेगवेगळ्या पिढ्यांचे आहेत. त्यामुळे हा मुळात गुच्छ नसून आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. २०१९ मध्ये गाया यानाच्या मोजणीतून ओमेगापासून ओघळत गेलेल्या ताऱ्यांचा एक लांब प्रवाहही सापडला.

पेंचहून परतताना मनसर लागते. इथल्या टेकड्यांवर वाकाटककालीन अवशेष उत्खननात निघाले, आणि जवळच्या रामटेकच्या एका टेकडीशी लोकपरंपरेने बौद्ध आचार्य नागार्जुनाचे नाव जोडले आहे. त्याचे प्रसिद्ध उदाहरण आग आणि सरपणाचे. जाळ म्हणजेच लाकूड म्हणावे, तर पेटवणारा आणि पेटणारा एकच ठरतो. जाळ लाकडाहून वेगळा म्हणावा, तर लाकडावाचून तो जळत राहायला हवा. दोन्ही जमत नाही. तारे आणि गुच्छ यांचे नाते याच जातीचे आहे, आणि त्यातही सरपण हळूहळू संपते आहे हे उदाहरणातच आले. नागसेनाने रथ सुटा करून दाखवला. नागार्जुन सुटे भागही आपल्या पायावर उभे राहू देत नाही. तारा तरी 'एक' कुठे आहे? तोही वायूचा गोळा, स्वतःच्याच ओढीने धरलेला, रोज थोडा झिजणारा.

आता उलट बाजूने पाहावे. ओमेगाच्या ऐन मध्यात तारे एकमेकांपासून सरासरी प्रकाशवर्षाच्या दहाव्या हिश्श्यावर आहेत. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर. तिथल्या एखाद्या ग्रहावर कोणी असलेच, तर त्याला आपल्यासारखी काळी रात्र माहीत नसेल. त्याच्या चहूकडे तारेच तारे असतील, आणि गुच्छ मात्र त्याला दिसणार नाही. आत राहणाऱ्याला अवयवी दिसत नाही. तो हिशेबाने काढावा लागतो.

आपलीही तीच गत होती. आपण आकाशगंगेच्या आत बसलो आहोत आणि तिचा आकार आपल्याला दिसत नाही. १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी माउंट विल्सनवरून या गोल गुच्छांचीच अंतरे काढली. हे गुच्छ आकाशभर सारखे विखुरलेले नाहीत, धनू राशीच्या दिशेला त्यांची दाटी आहे. शॅप्लींनी त्यावरून ओळखले की साऱ्या आकाशगंगेचा मध्य तिकडे आहे आणि सूर्य पार एका बाजूला. त्यांनी काढलेले अंतर जास्त होते. आज ते सुमारे २६,००० प्रकाशवर्षे धरतात. पण सूर्य मध्यावरून जो हलला तो हललाच. शून्य मैलाचा दगड मिरवणाऱ्या नागपूरने या माणसाचे नाव मुलांना आवर्जून सांगायला हवे. देशाचा मध्य आपल्या गावात मानला जातो याचा अभिमान असावा, आणि विश्वाचा मध्य आपल्या घरात नाही हे कसे कळले तेही ठाऊक असावे.

मेमधल्या त्या रात्री साडेबारा-एकनंतर ओमेगा पश्चिमेकडे बराच कललेला असतो. खालच्या हवेत तारे थरथरतात, कणी पुन्हा कापसात मिसळते. जंगलातून रातव्याचा एकसुरी टकटकाट येत असतो. जूनमध्ये ढग येतील आणि आकाश चार महिने बंद होईल.

दुर्बीणवाल्याने जानेवारीत पुन्हा त्याच जागी यावे. तेव्हा दक्षिणेला अगस्त्य असतो. त्याच्या उजव्या हाताला थोडे वर, चित्रफलक तारकासमूहात, लहान दुर्बिणीतूनही दिसणारा एक लालसर बारीक तारा आहे, कॅप्टेनचा तारा. फक्त १३ प्रकाशवर्षांवर. याकोबस कॅप्टेन यांनी १८९० च्या दशकात त्याचा वेग ओळखला: दोनशे वर्षांत तो आकाशात पौर्णिमेच्या चंद्राएवढे अंतर सरकतो, आणि आकाशगंगेत बाकीच्या ताऱ्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्याची चाल आणि रासायनिक घडण पाहून काही खगोलशास्त्रज्ञांनी शक्यता मांडली आहे की तो मुळात ओमेगाच्या परिवारातला असावा, त्या जुन्या दीर्घिकेतून निसटलेला. आयपीसमध्ये तो एकटाच असतो, आजूबाजूच्या अनोळखी ताऱ्यांत. थंडीने काचेवर दव धरते, ते पुसून पुन्हा पाहावे लागते.